सोल्जरांच्या कबरींची दिशा

लढाई नेमकी कुठे झाली हे मला बहारीनमध्ये शेवटपर्यंत कोणी दाखवू शकलं नाही. तिच्यात मेलेल्यांची दफनभूमी मात्र होती, आणि ती नीटनेटकी ठेवायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. शहराच्या पश्चिमेला, जुन्या किल्ल्याच्या वाटेवर, खजुरीच्या बागा विरळ होत जातात तिथे चार भिंतींच्या आत चाळीसेक गोरे सोल्जर पुरलेले होते. भिंतीपलीकडे खारट, रेताड मैदान. गोरे लोक त्या मैदानाला रणांगण म्हणायचे. आम्ही ग्राउंड म्हणायचो, कारण शुक्रवारी तिथे मल्याळी आणि पाकिस्तानी क्रिकेट खेळायचे. एवढ्या वर्षांत त्या ग्राउंडवर रक्त निघालेलं मी एकदाच पाहिलं. विकेटकीपरच्या नाकातून.

फाटकावर राखणीला एक म्हातारा बहारिनी होता. तिकडे राखणदाराला नातूर म्हणतात. त्याचे आजे-पणजे याच जागेत बकऱ्या चारायचे. त्याला एकदा मी लढाईचं विचारलं. त्याने दातांतली खजुराची बी थुंकली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "हर्ब? हर्ब मफी. इधर अंग्रेज का तंबू था. गर्मी आया, बुखार आया, खलास."

लढाई-बिढाई काही नाही. तंबू होते, उन्हाळा आला आणि माणसं मेली. एवढाच त्या जागेचा इतिहास. पण एवढ्याशा इतिहासावर कोणी हार वाहायला येत नाही. म्हणून जनाबियाच्या एका व्हिलात राहणाऱ्या रिटायर्ड गोऱ्याने तिथला मोठा इतिहास लिहिला होता. गुळगुळीत कागदाची चार पानं. दरवर्षी थंडीत इथे कार्यक्रम व्हायचा, तेव्हा तो हातातल्या काठीने भिंतीपलीकडे दाखवून सांगायचा की हे वीर त्या रणांगणावर शत्रूकडे तोंड करून पडले. पाहुणे माना हलवायचे. बायका काळे चष्मे डोळ्यांवर चढवायच्या. चष्म्यामागे डोळे ओले होत होते की उन्हाने मिटत होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी शाळा सातवीत सोडली. नापास झालो म्हणून नव्हे, घरातून कोणीतरी चिऱ्याच्या खाणीवर जायला हवं होतं म्हणून. जांभा चिरा तासायचं काम मी वयाच्या मानाने बरं करायचो. खाडीपलीकडच्या गावातले एक गवंडी बहारीनला होते. सुट्टीवर आले असताना आमच्या मालकाकडे चिरा बघायला आले आणि चिऱ्याऐवजी माझे हात बघत उभे राहिले. "हात बरा हाय तुजा," म्हणाले. "येतंस काय माझ्यासंगती?" त्या एका वाक्यावर माझा व्हिसा झाला, विमान झालं, उम्म अल हस्समच्या खोलीतली खाट झाली, घरावर कौलं चढली. तिकडे सगळे त्यांना मेस्त्रीचाचा म्हणायचे. मी नुसतं चाचा म्हणायचो. त्यांच्या उपकारांची जाणीव मला भाताच्या प्रत्येक घासाला होती. त्याच्या जोडीला भीतीही. चाचांच्या शब्दावर आलेला माणूस, चाचांची नोकरी गेली तर आपलं काय, हा विचार माझ्या पोटात कायमचा बसलेला. कोणी व्हिसा 'कॅन्सल' हा शब्द दुसऱ्याबद्दल जरी बोललं, तरी माझा हात खिशातल्या कार्डाकडे जायचा.

आणि कॅन्सल हा शब्द ज्याच्या तोंडात पानासारखा घोळत असायचा, तो आमचा मॅनेजर. आपल्याच मुलखातला, इंजिनिअरिंग शिकलेला. आमच्याशी मराठीत बोलला तर आपली डिग्री विटाळेल असं वाटून हिंदीत बोलायचा, आणि चिडला की मराठीवर यायचा. मे महिन्यातसुद्धा टाय. साइटवर यायचा तो गाडीचा एसी चालू ठेवून, म्हणजे परतताना सीट गार असावी. आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. समोर अर्थात साहेब.

कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मीना सलमानच्या धक्क्यावर लढाऊ जहाजं येऊन-जाऊन असायची, आणि त्या वर्षी एक मोठा लष्करी पाहुणा दफनभूमीवर फुलं वाहायला येणार असं ठरलं. टायवाल्याच्या अंगात आलं. एका सकाळी मीना सलमानच्या गोदामातून आम्हाला उचलून त्याने दफनभूमीत आणलं. चाचा, मी आणि दोन बांगलादेशी मदतनीस.

आत दफनभूमीसारखं काही राहिलंच नव्हतं. आधीच्या कोणा काँट्रॅक्टरने भिंत बांधताना सगळे दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते, ते तसेच. कबरींवर वाळू चढून सगळं सपाट. कोण कुठे पुरलाय, कशाचा पत्ता नाही. आणि तरीही दरवर्षी इथे काळे चष्मे घालून लोक मान खाली घालत होते. कुणापुढे, तर भिंतीला टेकवलेल्या दगडांपुढे. भंगारवाल्याच्या दारात जाऊन रडण्यातला हा प्रकार.

टायवाला म्हणाला, "सब लाइन में चाहिये. बॉर्डर, व्हाइट पेंट, बीच में ग्रॅव्हल. फर्स्ट क्लास."

चाचा दगडांकडे बघत होते. "साहेब, नकाशा हाय काय? कोन कुठं निजलाय त्याचा?"

"नकाशा काय करायचाय? मेलेत ते, मेस्त्री. तक्रार करायला येणारेत का?"

"तसं नाय. असला तर आपला बरा असतो."

"चाळीस दगड आहेत, चाळीस खड्डे करा, उभे करा. यल्ला, चला."

गाडीचं दार लागलं आणि तो गार सीटवर बसून गेला.

चाचांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. ते आधी दफनभूमीच्या मधोमध उभे राहिले, मग उन्हाकडे बघून थोडे वळले, आणि जिकडे तोंड करून रोज नमाज पढायचे ती दिशा त्यांनी हाताने दाखवली. "गावात आपला किबला सरळ समुद्राकडं. हितं जरासा खाली," मला समजावत म्हणाले. मग त्या दिशेला आडवी सुतळी ताणली आणि खुंट्या मारल्या. उजव्या कुशीवर निजलेल्या माणसाचं तोंड काब्याकडे यावं अशी प्रत्येक कबर आखली. गावातल्या जमातीत किती कबरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि एकही दुसऱ्या दिशेची त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बांगलादेशी दोघे त्यांच्याच धर्माचे, त्यांना हेच बरोबर वाटलं. राहिलो मी. आमच्यात जाळतात. मेलेला माणूस कोणत्या अंगाला झोपवायचा हा प्रश्न माझ्या घराण्यात कोणाला पडलेलाच नव्हता. गोदामातला स्टोअरकीपर केरळचा ख्रिस्ती होता, पण त्याला मीना सलमानच्या बाहेर कोणी काढत नसे.

असं ते काम सुरू झालं. सरळपणा मात्र असा, की चाचांच्या सुतळीवरून मुंगीनेही वाकडं जाऊ नये. टायवाला मध्ये एकदा आला, एक डोळा मिटून रांग पाहिली आणि म्हणाला, "गुड. मिलिटरी वाटतंय आता." फोटोही काढून घेतला. मागे दगड, पुढे टाय.

दगडांवरची अक्षरं उडाली होती. ती काळ्या रंगाने भरायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मला पाचवी ते सातवी एवढंच, पण अक्षर न् अक्षर ब्रशने गिरवताना शब्द आपोआप तोंडात बसतात. फीवर हा शब्द मला येत होता. तोच पुन्हा पुन्हा यायला लागला. दुसरा एक शब्द कळेना म्हणून खोलीखालच्या कोल्ड स्टोअरच्या दुकानदाराला कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, बुडाला. मग उन्हाने मेलेले. एक घोड्यावरून पडलेला. वयं अठरा, एकोणीस, वीस. मीही तेव्हा त्याच वयाचा. ब्रश धुताना मनात यायचं की हेही शाळा सोडूनच आले असणार. कोणीतरी त्यांचाही हात बघून म्हणालं असेल, येतोस का. फक्त त्यांना आणणारा चाचा नव्हता, टायवाला असावा.

शत्रूकडे तोंड करून पडलेला एकही नव्हता. ज्याने चार गुळगुळीत पानं लिहिली, त्याला हे दगड वाचता येत होते. माझ्यापेक्षा चांगले येत होते. पण बुखाराने मेलेल्या पोरासाठी कोण काळा चष्मा घालणार.

खोलीवर माझं वेगळंच चाललं होतं. दफनभूमीतून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय आत नको, असा फतवा आमच्या खोलीतल्या सातारच्या ड्रायव्हरने काढला होता. मी गच्चीवरच्या नळाखाली बसायचो आणि तो दारात टॉवेल घेऊन उभा.

"आज किती उठवले?" तो विचारायचा.

"एकही नाही. सगळे गाढ झोपलेत."

"मग एखाद्याला विचार की, आमच्या कफीलला, त्या अरबी मालकाला, घेऊन जातोस का म्हणून."

"तुझ्या कफीलला ते घेणार नाहीत. जागा नाही."

"टायवाल्याला?"

"त्याच्यासाठी एसी लागेल."

सगळी खोली हसायची. चाचा कोपऱ्यात कांदा चिरत असायचे, तेही मान खाली घालून हसायचे. त्या दिवसांत ते खुशीत होते. चांगलं काम हाताखालून जात होतं, त्याची ती खुशी. मला म्हणाले, "काम जाऊंदे रे, मानूस बघ. कुणाचे कोन, हितं येऊन पडले. आपण नीट ठेवले त्यांना."

कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा शेवटची रांग राहिली होती, भिंतीलगतची. बॉर्डरच्या पायासाठी मी पहार मारत होतो. पहार दगडावर वाजली. चिऱ्याच्या खाणीत वाढलेल्याला सुटा दगड आणि बसवलेला दगड यांचा आवाज वेगळा ऐकू येतो. हा बसवलेला होता. वाळू बाजूला केली तर समुद्रातल्या दगडाची जुनी बॉर्डर निघाली. आणि ती आमच्या सुतळीच्या बरोबर आडवी चालली होती.

चाचांना हाक मारली. ते आले, गुडघे टेकून हाताने वाळू सारत बॉर्डरच्या टोकापर्यंत गेले. मग दुसरीकडे खणून पाहिलं. तिथेही तसंच. तिसरीकडेही. आमच्या नव्या पांढऱ्या बॉर्डरी उभ्या, आणि त्यांच्या खाली जुन्या सगळ्या आडव्या.

नातूर फाटकातून हळूहळू चालत आला. खड्ड्यात डोकावला आणि काहीच विशेष नसल्यासारखा म्हणाला, "अंग्रेज ऐसे सोता. पैर उधर, सूरज का तरफ."

चाचांनी मान वर केली. "तुम को मालूम था?"

"मालूम."

"तो बोला क्यों नहीं?"

"तुम पूछा नहीं," नातूर म्हणाला. "मैं सोचा, कंपनी का ऑर्डर है. कंपनी इन को मुसलमान बनाया."

बांगलादेशी पोरांपैकी एक हसला आणि चाचांचा चेहरा बघून पहारीकडे वळला. चाचा उलट्या बादलीवर बसले होते. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"चाचा, कोणाला काय कळतंय," मी म्हणालो. माझं डोकं वेगळ्याच वाटेने पळत होतं. हे बाहेर फुटलं तर चाचा जाणार. चाचा गेले की मी.

"तुना कळत नाय," ते हळू म्हणाले. "दिशेचं जाऊंदे. त्यांची दिशा त्यांना. पन आता वाट कुठं आली, बघ."

मी बघितलं. आमच्या रांगांमधून पाहुण्यांना चालायला ज्या वाटा ठेवल्या होत्या, त्या सरळ जुन्या कबरींच्या मधून जात होत्या. बॉर्डरच्या आत रिकामी वाळू, आणि वाटेखाली माणसं.

"आमच्यात कबरीवर पाय देत नाय रे," चाचा म्हणाले. "आनी मी रस्ता केला त्यांच्या छातीवर." ते उठले, चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने फाटकापर्यंत गेले. त्या दिवसापासून वर्षभर, कामापुरतं सोडलं तर, दफनभूमीच्या मधून चालताना मी त्यांना पाहिलं नाही. पलीकडे जायचं असलं तरी भिंतीला धरून, सगळा वळसा घालून, अनवाणी.

दुसऱ्या सकाळी ते मला घेऊन टायवाल्याच्या केबिनमध्ये गेले. मी नको म्हणत होतो. विनवण्या केल्या. "कशाला सांगताय, चाचा. तुमचं कार्ड रिन्यूला गेलंय त्याच्याकडे." ते म्हणाले, "म्हनूनच. चोरून रिन्यू नको."

टायवाल्याने सगळं ऐकून घेतलं. चाचा उभे, मी त्यांच्या मागे, एसी असा की माझे दात वाजत होते. निदान मी तरी कारण एसीच मानलं.

"म्हणजे?" तो मराठीवर आला. "सगळे फिरवलेत तुम्ही?"

"माझी चूक हाय, साहेब. ह्या पोराचा काय नाय. चार दिवस द्या, रात्रीचा दिवस करतो."

"चार दिवस नाहीयेत. परवा पाहुणा येतोय." तो उठून खिडकीपाशी गेला. त्याच्या टायवर छोट्या छोट्या होड्या होत्या. "वरून दिसतंय का काही?"

"वरून काय दिसनार."

"सरळ आहे ना सगळं? पांढरं आहे ना?"

"सरळ हाय. पन उलटा हाय."

"मग ग्रॅव्हल टाका. जाड टाका. आणि तो नातूर काही बोलला तर म्हणावं झोप जाऊन." मग चाचांच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "आणि मेस्त्री, हे पुन्हा कुठे बोललात तर तुमचं, ह्याचं, सगळ्यांचं कॅन्सल. विमानात उलटं-सुलटं काय ते ठरवा."

आपल्या या विनोदावर तो स्वतःच हसला. शिकलेला माणूस. चाळीस मेलेल्यांवर खडी टाकायला त्याला चहा संपवण्याएवढाही वेळ लागला नाही.

आम्ही खडी टाकली. जाड टाकली.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला धुतलेले कव्हरऑल देऊन भिंतीपाशी उभं केलं होतं. म्हणजे गरज लागली तर हाताशी, आणि नाही लागली तर फोटोच्या बाहेर. जहाजावरचे पांढऱ्या कपड्यातले लोक आले, बिगुल वाजला. मोठ्या पाहुण्याची छाती पदकांनी भरलेली, आणि त्याचे बूट असे चकाकत होते की त्यांत खजुरीची झाडं दिसावीत. ते बूट आमच्या वाटेवरून करकरत आले आणि मधोमध थांबले. तिथे, त्या खडीखाली, कोणाची छाती होती की गुडघे, मला सांगता येणार नाही. पण होतं काहीतरी, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

मी चाचांकडे बघितलं. सगळे लोक पाहुण्याच्या तोंडाकडे बघत होते. चाचा त्याच्या बुटांकडे बघत होते. ओठ हलत होते. काहीतरी पढत होते ते. माझी हालत अशी, की कोणी नुसतं खोकलं तरी वाटायचं, आता कळलं. कोणीतरी बोट दाखवणार. एवढे ख्रिस्ती, एवढे लष्करी, त्यात गळ्यात पट्टी घातलेला पाद्रीसुद्धा. यांतल्या एकाला तरी ठाऊक असेल की आपला मेलेला माणूस कसा झोपतो.

कोणाला काही नव्हतं. पाद्र्याने पुस्तकातून वाचलं, आणि ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पुस्तक छत्रीसारखं धरलं. इतिहासवाल्या गोऱ्याने काठी उचलून मैदान दाखवलं आणि त्याचं ते वाक्य म्हटलं, शत्रूकडे तोंड करून. त्या क्षणी चाळीस दगड किबल्याच्या हिशोबाने उभे होते. पांढऱ्या टोपीवाल्या एका बाईने फुलं ठेवली ती रिकाम्या वाळूवर, आणि मागे सरताना टाच रुतवली ती माणसावर. मग सगळे तंबूत गेले. तिथे सँडविचेस होती. टायवाला प्रत्येकाच्या हातात हात देत होता आणि बोटाने आमच्या रांगा दाखवत होता. मोठा पाहुणा म्हणाला म्हणे, जगात अशा खूप जागा पाहिल्या, इतकी नीट ठेवलेली पाहिली नाही.

आपण वाचलो, एवढंच मला त्या वेळी कळलं. आणि मागोमाग, भिंतीपाशी उभ्या उभ्या, त्या सगळ्या चकचकीत लोकांची मला अशी किळस आली की ती अजून गेलेली नाही. मी घाबरलो कोणाला होतो, तर यांना. यांना बूट कुठे ठेवलाय एवढंही बघता येत नव्हतं.

रात्री खोलीवर ड्रायव्हर म्हणाला, "मग? पास झालास का परीक्षेत?"

"झालो."

"परीक्षकच आंधळा म्हटल्यावर," तो म्हणाला. चाचा भाताकडे बघत बसले होते. जेवले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी पिशवी भरली. सुतळी, ओळंबा, थापी. मी खाटेवर उठून बसलो.

"कुठे, चाचा?"

"तू नीज. तुजी सुट्टी हाय."

"टायवाल्याला कळलं तर?"

"शुक्रवारी तो उठतो काय बाराच्या आत? आनी उठला तरी बघंल काय? फक्त सरळ हाय काय ते बघंल. सरळच ठेवतो मी."

मी तोंड धुऊन त्यांच्याबरोबर निघालो. भीती वाटत नव्हती असं नाही. बस पकडेपर्यंत दोनदा वाटलं, मागे फिरावं. पण या माणसाने माझे हात बघितले होते, आणि आता ते हात त्याला हवे होते.

तो सगळा हिवाळा आम्ही शुक्रवारी तेच केलं. जुम्म्याच्या नमाजाआधी दोन कबरी, फार तर तीन. आधी खडी बाजूला करायची, मग खाली जुन्या बॉर्डरी शोधायच्या, नवी बॉर्डर उचलून त्यांच्यावर बसवायची, दगड उगवतीकडे बघेल असा फिरवायचा, वाटेची वाळू सारखी करायची. सिमेंट चाचा स्वतः आणायचे. नातूर चहा द्यायचा आणि आता न विचारताही बोलायचा. "इधर नहीं, थोडा उधर." म्हाताऱ्याला सगळं पाठ होतं. भिंतीपलीकडे ग्राउंडवर क्रिकेटवाले ओरडायचे, कधी चेंडू आत यायचा. पाकिस्तानी पोरगा भिंतीवर चढून बघायचा आणि विचारायचा, "चाचा, आज भी मुर्दे को ड्यूटी?" चाचा चेंडू परत फेकायचे. "मुर्दे का नहीं बेटा, हमारा ओव्हरटाइम है."

एक गोष्ट मात्र आम्हाला जमली नाही. दिशा मिळाली, जागा मिळाल्या, पण कोणता दगड कोणत्या कबरीचा, ते कळायला मार्ग नव्हता; नातूरला जागा पाठ होत्या, अक्षरं नव्हे. दगड उपटणाऱ्याने ते कधीच संपवलं होतं. घोड्यावरून पडलेला बुडालेल्याच्या जागी असेल, आणि बुखारवाला भलत्याच कोणाच्या उशाशी. चाचांनी प्रत्येक दगड बसवताना त्यावर हात ठेवून सांगितलं, "माफ कर बाबा, नाव तुजा असंल नसंल, जागा मात्र तुजी." मराठीत. त्या पोरांशी त्या जागेत खरं बोललेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

हिवाळा संपला, उन्हाळा गेला. टायवाला मध्ये तीनचार वेळा येऊन गेला. फाटकातून बघितलं, सरळ आहे म्हणाला, गेला. रांगा सगळ्या फिरल्या होत्या, वाटा फिरल्या होत्या, त्याने ज्या ठिकाणी फोटो काढून घेतला होता तिथे आता एका कबरीचं पायथ्याचं टोक होतं. तो फोटो त्याच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेला होता. त्याच्याखाली बसून तो दफनभूमीच्या बिलांवर सही करायचा.

पुढच्या थंडीत पुन्हा कार्यक्रम झाला. पुन्हा धुतलेले कव्हरऑल, पुन्हा आम्ही भिंतीपाशी. पाहुणा दुसरा, पदकं तेवढीच. तीच टोपीवाली बाई. तोच पाद्री, पण यंदा ऊन पाठीवर आलं म्हणून पुस्तक डोळ्यांवर धरावं लागलं नाही. त्यानेही विचार केला नाही की ऊन कसं फिरलं. इतिहासवाल्या गोऱ्याने काठीने सगळ्या दगडांवरून एक गोल फिरवून सांगितलं की हे वीर इतकी वर्षं इथे जसे ठेवले तसेच, जराही न हलता निजलेले आहेत. टायवाल्याने पहिली टाळी वाजवली.

नातूर माझ्या शेजारी उभा होता. "दो दफा घूमा," तो कुजबुजला. "किसी को चक्कर नहीं आया."

मला हसू आवरेना. चाचा हसले नाहीत. ते पुन्हा बुटांकडेच बघत होते. या वेळी बूट वाटेवर होते, नुसत्या वाळूवर. बाईची टाचही. पांढऱ्या कपड्यातल्यांची सगळी रांगच्या रांग, एकही पाय कोणाच्या अंगावर नाही. बिगुल वाजून संपेपर्यंत चाचा तो एक एक पाय तपासत होते.

सगळे सँडविचकडे गेले. मी फुलांच्या टोपल्या आणायला भिंतीच्या कडेने निघालो, वर्षभराची सवय. मागे चाचा येत नव्हते म्हणून वळून पाहिलं. त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या, आणि दफनभूमीच्या मधल्या वाटेने, दगडांच्या दोन रांगांमधून, सरळ फाटकाकडे चालत गेले.